नवे रूप कोणासाठी?

चित्रपटविषयक जुन्या नियतकालिकाची पुनर्रचना म्हणजे मुखपृष्ठ चकचकीत करणे, हा रूढ समज अपुरा आहे. नाशिकच्या ‘गावकरी’ समूहाच्या ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकांनी जो वाचक घडवला, त्याची नटनट्यांच्या खबरबातीची भूक आता मोबाइल क्षणात भागवतो; मात्र १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीचे ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक ज्यासाठी ओळखले जाते ते आस्वादन, म्हणजे चौकट, ध्वनी आणि संकलन यांच्या आधारे चित्रपट उलगडून दाखवणारे लेखन, मोबाइलवर सहसा सापडत नाही. नागपुरात चित्रित झालेला ‘झुंड’ (२०२२) पाहिलेल्या हिंगणा एमआयडीसीतील कामगाराला लोकमान्यनगरहून सुटणाऱ्या मेट्रोत अशा चित्रपटावरील लेख हातातल्या पडद्यावर सुखाने वाचता यावा, यासाठी छापील पानावरची स्तंभांची मांडणी जशीच्या तशी उचलून न ठेवता ती एकसलग आणि मोठ्या अक्षरांत नव्याने लावावी लागेल. लेखाच्या लांबीला मात्र कात्री लागू नये. रंगीत छायाचित्रांच्या (ती कुठेही मिळतात) आधी जुन्या अंकांची विषयवार सूची सिद्ध व्हावी आणि तीत दिग्दर्शकाबरोबरच छायालेखक व संकलक यांच्या नावांनीही लेख शोधता यावेत.