शब्दांकडे दाखला कशाला मागता?

आपल्या उपासनेत आणि पत्रिकांत ‘शुद्ध’ मराठीचा आग्रह अधूनमधून डोके वर काढतो. ‘कर्ज’ खोडून ‘ऋण’, ‘मजूर’ खोडून ‘श्रमिक’, ‘पगार’ खोडून ‘वेतन’ लिहिले जाते. ज्या शाईने हे खोडायचे, ती ‘शाई’ही फारसी ‘सियाही’पासून आलेली! परक्या शब्दांनी मराठी बाटते, असे या मंडळींचे म्हणणे. (‘बाटणे’ हा शब्द ख्रिस्ती माणसाने तरी जपून वापरावा.)

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराची भाषा ऐकावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो मुकादमाकडून उचल घेतो आणि बिऱ्हाडासह पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतो. त्याचा ‘मुकादम’ अरबी, ‘हिशेब’ अरबी, ‘कर्ज’ अरबी. ‘हंगाम’, ‘कारखाना’, ‘मजूर’ फारसी. ‘उचल’ तेवढी अस्सल मराठी. पण अस्सल आहे म्हणून ती फेडायला सोपी गेली, असे काही झालेले नाही. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, म्हणून ही भाषा अशी, हा खुलासाही अपुरा आहे. जे कधीच निजामाचे नव्हते, त्या रत्नागिरीतही हेच शब्द चालतात. ‘जिल्हा’ आणि ‘तालुका’ तरी कुठे संस्कृत आहेत?

पाव, चावी, बटाटा, पगार हे पोर्तुगीजांकडून आले, ‘नाताळ’ही तिकडूनच. आणि ‘आमेन’ हिब्रू. शुद्धीच्या कैवाऱ्यांनी प्रार्थना संपवायची तरी कशी?

गोदावरीपलीकडे पैठणला सोळाव्या शतकात एकनाथांनी ‘अर्जदस्त’ रचली. जीवाने देवाला केलेला तो अर्ज, आणि भाषा दरबारी फारसी वळणाची. ज्या भाषेत रयत सरकारपुढे उभी राहत होती, तीच नाथांनी देवापुढे नेली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यामागे स्वतंत्र राज्याचा रास्त अभिमान होता. ‘पेशवा’ जाऊन ‘प्रधान’ यावा, हे त्यातलेच. तरी पुढचा सारा काळ ‘पेशवाई’ म्हणूनच ओळखला गेला. सावरकरांचे ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ रुजले, हे मान्य. पण त्यांनी कुणाच्या तोंडचे गाऱ्हाणे हिरावले नव्हते.

दूरच्या रुमानियात १८७१ ते १८७६ या काळात लाउरियान आणि मासिम या पंडितांनी कोश काढला आणि लॅटिन कुळाबाहेरचे शब्द वेगळ्या खंडात काढून ठेवले. लोकांनी तो मानला नाही. तिथला माणूस आजही होकारासाठी ‘दा’ आणि प्रेमासाठी ‘युबिरे’ म्हणतो. दोन्ही स्लाव मुळाचे.

‘आमचे कर्ज वाढले आहे’ असे सांगणाऱ्या बाईच्या तोंडी ‘आम्ही ऋणी आहोत’ घालून पाहा. सावकाराचे आभार मानल्यासारखे होते! उन्हाळ्यात टोळ्या परततील, तेव्हा चर्चमधील विनंत्या त्यांनाच म्हणू द्याव्यात. ‘मुकादमाचा हिशेब सरळ होऊ दे’ असे कोणी म्हणाले, तर ते वाक्य जसेच्या तसे वर जाऊ द्यावे.