कोथिंबीर आणि एम-पेसा

आईच्या मोबाइलवर यूपीआय टाकून दिल्यावर मी दोन वर्षं तिच्या मागे लागलो होतो. किती फास्ट, किती सेफ, वगैरे वगैरे. ती ढिम्म! मग एक दिवस भाजीवाल्याने सुटे नाहीत म्हणून तिसऱ्यांदा कोथिंबीर गळ्यात मारली आणि संध्याकाळी मातोश्री आपणहून म्हणाल्या, "ते तुझं स्कॅन करायचं दाखव रे." मला जे जमलं नाही ते सुट्ट्या पैशांनी करून दाखवलं :)

हे आठवायचं कारण म्हणजे हापिसातली परवाची मीटिंग. आमचं वॉलेट परदेशात न्यायचंय. स्लाइडवर एकच उदाहरण, केनियाचं एम-पेसा. तिथे चाललं, म्हणजे आपलंही चालणार!

आता गंमत बघा. एम-पेसा २००७ मध्ये केनियात सुरू झालं. मूळ प्रयोग होता छोट्या कर्जांचे हप्ते मोबाइलवरून भरण्याचा. लोकांनी मात्र ते एकमेकांना पैसे पाठवायला वापरलं. कारण नैरोबीत कमावणाऱ्या कित्येकांचे पैसे तोवर गावी जायचे ते बस ड्रायव्हरच्या नाहीतर ओळखीच्या कुणाच्या हाती. बँकेत खातं असणारे थोडेच. आता इकडच्या दुकानात रोकड भरायची, गावच्या दुकानात काढायची. फोन साधा असला तरी चालतो.

तेच एम-पेसा २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलं आणि २०१६ मध्ये बंद पडलं. तिथे बँका आणि एटीएम आधीच बऱ्यापैकी पसरलेले होते. भारतातही ते २०१३ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये त्याने गाशा गुंडाळला.

अशा वेळी 'तिथली संस्कृती वेगळी' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. संस्कृती असतेच हो. जपानमध्ये ट्रेनमध्ये फोनवर बोलणं असभ्य मानतात, मग फोनवर ईमेल लिहायची सोय तिथे सोयीचीच वाटणार. पण माझ्या मते पहिला प्रश्न हा हवा की लोकांचं आज काय अडतंय, आणि त्यावर त्यांनी आधीच काय जुगाड केलाय? तुमची स्पर्धा त्या जुगाडाशी असते.

मीटिंगमध्ये मी तेवढंच विचारलं, "तिथले लोक सध्या पैसे कसे पाठवतात?" दोन मिनिटं शांतता. मग "हे ऑफलाइन बोलू."

मागच्या वर्षी आम्ही आठ महिने खपून केलेलं एक अ‍ॅप असंच बंद पडलं. रात्री जागून लिहिलेला तो कोड कुणालाच नको होता, हे अजून खुपतं.

असो. सोमवारी तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. तोवर तुम्ही सांगा, तुमच्या घरी यूपीआय कशामुळे शिरलं?