पथ्य म्हणजे उपाशी ठेवणं नव्हे

सिरोसिस म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘घेत होते का?’ माझ्या यजमानांनी दारूला कधी स्पर्श केलेला नाही. बरीच वर्षं मधुमेह, सुटलेलं पोट आणि यकृतात साचत गेलेली चरबी, एवढं पुरलं. त्या प्रश्नाचा राग येतो, पण खरी भीती वाटते ती भेटायला येणाऱ्यांच्या सल्ल्याची. ‘आता हलकंच द्या. मऊ भात, उसाचा रस. डाळी-दूध बंद.’ अगदी मायेने सांगतात, आणि माणूस त्याच मायेपोटी खंगत जातो.

निबर झालेल्या यकृतात साखरेचा साठा टिकत नाही. एका रात्रीचा उपास अशा शरीराला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका पडतो. मग शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. पोटात पाणी असल्यामुळे वजनकाटा हललेला दिसत नाही. सदऱ्याच्या बाहीत दंड मात्र हरवलेला असतो. रक्तातला अमोनिया निपटायला हेच स्नायू मदत करतात. ते गेले की बुद्धीवर झापड येते.

म्हणून किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला सत्तर-नव्वद ग्रॅम! दही, पनीर, उसळ, चालत असेल तर अंडं. पोटात पाणी असेल तर मीठ मोजून, पापड-लोणचं बंदच. आमच्याकडे रात्री दहाला दूध आणि राजगिऱ्याच्या लाह्या ठरलेल्या, मधुमेहाच्या हिशेबात बसवून. त्यांची संकष्टी मी सोडायला लावली. दोघांचीही मीच करते.

बुद्धीवरची ती झापड वेळीच कळावी म्हणून रोज सकाळी वहीत तारीख घालून त्यांची सही घेते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची सही ती, छापल्यासारखी. ती वाकडी होऊ लागली, किंवा दिवसा झोप आणि रात्री टक्क जाग असं सुरू झालं, की तडक डॉक्टरांना फोन.

काढ्यांना आमच्या घरात जागा नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली आहे.

पुण्यात मोठमोठ्या रुग्णालयांची कमी नाही, यकृत प्रत्यारोपणही होतं. तरी बहुतेक घरी आहाराचा कागद येतो तो ‘तेलकट टाळा’ एवढाच. निदान झालं त्याच दिवशी आहारतज्ज्ञाची भेट झालीच पाहिजे. आणि त्या भेटीला रुग्णासोबत, घरात स्वयंपाक जो करतो त्यालाही आत बोलवा.