पूना खीरा, मुक्काम पोस्ट वाघोली

सकाळी सव्वासातला बाल्कनीत माझं एक काम असतं आणि त्या वेळी कुणाचाही फोन आला तरी मी उचलत नाही. काकडीच्या वेलावरचं एक नर फूल खुडायचं, त्याच्या पाचही पाकळ्या सोलून टाकायच्या आणि उरलेला पिवळा दांडा मादी फुलाच्या तोंडात हलक्या हातानं फिरवायचा. मादी फूल ओळखायला चष्मा लागत नाही. त्याच्या पाठीशी पेरभर लांबीची, लव असलेली काकडी आधीच तयार असते. काम मिनिटभराचं, पण ते सकाळीच व्हायला हवं. काकडीचं फूल एकच दिवस उमलतं. ऊन चढल्यावर गेलात तर परागकण असून नसल्यासारखे.

पहिल्या दिवशी सासूबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. सगळं बघून म्हणाल्या, "अगं, हे मधमाश्यांचं काम ना?"

"हो आई, पण मधमाश्या आहेत कुठे?"

त्यांनी ग्रिलमधून बाहेर पाहिलं. आमचा नववा मजला. समोर तीन टॉवर, त्यातल्या एकावर अजून क्रेन, आणि त्यांच्या फटीतून दिसणारा खाणीचा पांढरा कडा. काही न बोलता त्या आत गेल्या.

हे खूळ सुरू झालं ते गेल्या ऑगस्टमध्ये. नणंदेनं न्यू जर्सीहून एक फोटो पाठवला. तिच्या ओंजळीत चार आखूड, गुबगुबीत काकड्या. एक पांढरट, दोन सोनेरी पिवळ्या, आणि एक चक्क बटाट्याच्या सालीच्या रंगाची, वर बारीक जाळी. खाली लिहिलं होतं, "वहिनी, ओळखा पाहू! तुमच्या पुण्याची काकडी." पाठोपाठ बियांच्या पाकिटाचा फोटो. त्यावर छापलेलं नाव, पूना खीरा.

ही थट्टा नव्हती. पूना खीरा ही काकडीची जुनी देशी जात आहे. अमेरिकेत पारंपरिक बियाणी जपून विकणाऱ्यांच्या यादीत ती हमखास सापडते. कोवळी असताना फिकट, पिकत जाईल तशी पिवळी आणि मग तपकिरी. तपकिरी झाली तरी आतून कुरकुरीत आणि गोडसर राहते, अशी तिची तिकडे ख्याती. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेली हिमांगी ही पांढरी काकडी शेतकऱ्यांना माहीत असेल; तिच्या आईबापांतही पूना खीरा आहे. आणि मी, पुण्यात तीस वर्षं काढलेली बाई, हे नाव पहिल्यांदा न्यू जर्सीहून ऐकत होते. मंडईत 'गावरान घ्या, गावरान' असा पुकारा कानावर पडतो, हिरवीगार काकडी मिळते. 'पूना खीरा घ्या' म्हणून कुणी ओरडल्याचं मला तरी आठवत नाही.

खरं तर वाघोलीकरांनी पुण्याच्या काकडीवर हक्क सांगायचा म्हणजेही जरा नवलच. ३० जून २०२१ ला वाघोली महापालिकेच्या हद्दीत आली. त्याआधी आमच्या पत्त्यात 'तालुका हवेली' असायचं आणि नगर रस्त्यावरून आत शहरात निघालो की आम्ही 'पुण्याला चाललोय' असंच म्हणायचो. अजूनही म्हणतो.

नणंदेला म्हटलं, पाठव चार बिया. तिनं चौकशी करून कळवलं की परदेशातून भारतात बियाणं आणायचं तर आयातीचा परवाना लागतो, शिवाय तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र. नियम योग्यच आहे, बियांबरोबर रोग येतात. पण पुण्याची काकडी पुण्यात आणायला परवाना, हे ऐकून आमच्याकडे दोन दिवस सगळे हसत होते. केसनंद रस्त्यावरच्या नर्सरीत विचारलं, तर तो मुलगा म्हणाला, "पूना खीरा? असं काही नाही येत मॅडम. हे घ्या, हायब्रीड. चांगलं धरतं." घेतलं.

जानेवारीच्या शेवटी बी लावलं. सोसायटीच्या रंगकामातून उरलेली वीस लिटरची बादली वॉचमनकाकांकडून मागून आणली, तापवलेल्या सुरीनं बुडाला भोकं पाडली. लाल माती, कोकोपीट, गांडूळखत सारखं सारखं, वर दोन मुठी निंबोळी पेंड. तीन बिया टाकल्या, तिन्ही उगवल्या, आणि एकही उपटायचा जीव होईना. ही पहिली चूक. वीस लिटरला एक वेल पुष्कळ झाला. तीन ठेवले की तिघांचीही उपासमार. शेवटी सासूबाईंनीच दोन उपटले, मला न विचारता.

दुसरा प्रश्न उन्हाचा. काकडीला रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. आमची बाल्कनी पूर्वेची, साडेदहानंतर तिथं सावली. दुपारचं ऊन येतं ते घराच्या दुसऱ्या टोकाला, ड्राय बाल्कनीत. मग पाइपचा गॅस आल्यापासून रिकामी पडलेली सिलिंडरची ट्रॉली काढली आणि तिच्यावर बादली ठेवली. सकाळी पूर्वेला, दुपारी हॉलमधून, डायनिंग टेबलाला वळसा घालून पश्चिमेला. घरात बाळाची गाडी फिरावी तशी काकडीची गाडी फिरत होती. फरशीवर दोन काळे पट्टे उमटले, त्यावरून नवऱ्याची एक टिप्पणी झाली, ती इथे देत नाही.

नंतर वाचताना कळलं की ही युक्ती दोन हजार वर्षं जुनी आहे. रोमचा बादशहा टायबेरियस याला रोज काकडी लागायची, म्हणून त्याच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ऊन असेल तेव्हा बाहेर ढकलायचे, थंडीत आत ओढून पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली ठेवायचे. प्लिनीनं हे लिहून ठेवलंय. आताचे अभ्यासक म्हणतात की ती आपली काकडी नव्हे, खरबुजाच्या कुळातलं लांब, वाकडं फळ असावं. असेना. टायबेरियसकडे ढकलायला माणसं होती, एवढाच माझ्या दृष्टीनं फरक.

पंचवीस दिवसांत वेलानंच ही वारी बंद केली. एके दिवशी दुपारी ट्रॉली ओढायला गेले तर ती हलेना. वेलाच्या स्प्रिंगसारख्या धाग्यांनी, शाळेच्या पुस्तकात ज्यांना प्रतान म्हणायचे, ग्रिलच्या दोन सळ्या, एक सुतळी आणि वाळत घातलेल्या टॉवेलचा कोपरा धरला होता. त्यातला एक धागा मी जवळून पाहिला. निम्मी वेटोळी एका दिशेनं, मध्ये एक छोटा सरळ तुकडा, आणि पुढची वेटोळी बरोब्बर उलट दिशेनं. दोन्ही टोकं बांधलेल्या दोरीला एकाच बाजूनं पीळ देता येत नाही, म्हणून ही तोड. वारा आला की स्प्रिंग ताणते आणि परत येते, वेल तुटत नाही. टॉवेल कात्रीनं सोडवला. वेल पूर्वेला राहिला तो राहिलाच. सकाळच्या तेवढ्याच उन्हावर तो जे देईल ते घ्यायचं ठरलं.

पाणी हा वाघोलीत बोलायचा विषय नाही, मोजायचा आहे. आमची सोसायटी टँकरवर. काकडी म्हणजे शंभरातले पंचाण्णव भाग पाणी आणि मार्चमध्ये तिला दिवसातून दोनदा लागतं. मी हिशेबी बाई. वॉटर प्युरिफायरचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून तिला घालू लागले. दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरा थर. प्युरिफायर पाण्यातले क्षार काढतो म्हणजे ते जातात कुठे, तर त्या वाया जाणाऱ्या पाण्यात. बोअरचं पाणी मुळात जड, त्यात हे दुप्पट जड. तेव्हापासून ते पाणी फरशीला आणि तांदळाचं धुवण काकडीला. पानांवर खडीची धूळ बसते, ती दर दोन दिवसांनी ओल्या फडक्यानं पुसते. आधी खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगून. त्यांच्या गादीवर एकदा ओघळ गेला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फुलं आली आणि मी घरभर पेढे वाटायची बाकी राहिले. दहा दिवस नुसती फुलंच फुलं. सगळी नर. काकडीच्या वेलावर आधी नर फुलं येतात, मादी नंतर, आणि ऊन जितकं कडक, दिवस जितका मोठा, तितकी नरांची भरती जास्त. मग पहिली मादी आली. तीन दिवसांत तिच्यामागची इवलीशी काकडी पिवळी पडून गळाली. दुसरीही गेली. तिसरीच्या वेळी डोक्यात प्रकाश पडला की या बाल्कनीत दोन महिन्यांत मी एकही मधमाशी पाहिलेली नाही.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. 'बी विंगच्या टाकीखाली आग्यामोहोळ आहे. उद्या सकाळी पेस्ट कंट्रोल. खिडक्या बंद ठेवाव्यात.' खाली अंगठ्यांची रांग. मी वर सरकवत गेले, तर दोन वर्षांपूर्वीचा असाच निरोप सापडला. तेव्हा आमच्या विंगचं मोहोळ होतं. त्याखालच्या अंगठ्यांत माझाही होता.

आग्या माशी चावते, लहान मुलं असतात, हे सगळं खरं. पण याच शहरात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, आणि माशा न मारता पोळं काढून देणारी माणसंही पुण्यात आहेत. या वेळी मी ग्रुपवर तेवढं लिहिलं. दोघांनी 'नंबर द्या' म्हटलं, एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. फवारणी ठरल्या वेळी झाली. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये झाडूवाल्या मावशींनी सूपभर माशा गोळा केल्या.

तेव्हापासून सव्वासातची ड्यूटी माझी.

पहिली काकडी देठाकडे जाड आणि टोकाला शेपटीसारखी बारीक झाली. परागकण अपुरे पडले की असं होतं. माशी एका फुलावर पुन्हापुन्हा येते, मी एकदाच दांडा फिरवून स्वयंपाकघरात पळाले होते. आता एका मादीला दोन नर वापरते. दुसरी काकडी सरळ होती, पण कडू. त्या आठवड्यात आम्ही दोन दिवस गावाला गेलो होतो आणि वेल पाण्यावाचून उन्हात राहिला होता. काकडीची रानटी पूर्वज हिमालयाच्या पायथ्याशी अजून उगवते, ती कडूजहरच असते; ताण पडला की घरच्या वेलालाही ते जुनं आठवतं. देठ कापून फेस येईपर्यंत चोळायचा आपल्याकडे रिवाज आहे. माझं मत विचाराल तर चोळण्यात काही नाही, देठाकडचा तुकडा मोठा कापण्यात आहे, कारण कडवटपणा तिथं आणि सालीखाली जास्त असतो. आणि फारच कडू लागली तर हळहळ न करता टाकून द्यावी. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत, काकडी त्याच कुळातली.

व्यवहार सांगायचा तर आजवरचा खर्च सहाशेच्या वर आणि काकड्या अकरा. त्यातल्या दोन पिळदार. बाल्कनीत फक्त काकडी खायला लावायची असेल, तर पॉलिहाऊसवाले लावतात ती बिनबियांची जात आणा. तिला सगळी मादी फुलं येतात आणि माशीची गरजच नसते. मला हे कळलं तेव्हा मार्च संपला होता.

अकरातल्या दहांची खमंग काकडी झाली. दाण्याचं कूट, ओलं खोबरं, वर तुपाची फोडणी, सासूबाईंच्या हातची. अकरावी त्यांनी तोडू दिली नाही. त्या कुडाळच्या. त्यांच्याकडे काकडीला तवसं म्हणतात. पावसात वेल मांडवावर चढवायचा आणि विसरायचा, आठवण थेट गणपतीला, माटवीला बांधायला तवसं हवं तेव्हा. एक चांगलं फळ मात्र बियाला राखायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. बी राखेत घोळवून भिंतीला थापलं की पुढच्या मिरगापर्यंत चिंता नाही.

"आई, ही हायब्रीड आहे. हिचं बी लावलं तर हिच्यासारखीच येईल असं नाही."

"तिला काय ठाऊक ती हायब्रीड आहे ते," त्या म्हणाल्या आणि देठाला लाल दोरा बांधून मोकळ्या झाल्या.

दर सोमवारी त्या वाघेश्वराला जातात आणि महामृत्युंजय मंत्र त्यांच्या तोंडी असतो. त्यातलं 'उर्वारुक' म्हणजे काकडी, पिकली की देठातून आपोआप सुटणारी, असं त्यांनी मला समजावलं. मी रोज त्या लाल दोऱ्याकडे बघते. काकडी पिवळी झाली, आता तपकिरी होते आहे, पण देठ काही सोडत नाही. आपोआप सुटतं ते चिबूड. मंत्रातलं फळ चिबूड असावं असा माझा अंदाज आहे. सासूबाईंना सांगितलेला नाही.

तर वाचकांना एक विनंती. पुणे जिल्ह्यात कुणाच्या शेताच्या बांधावर, परसात, आजीच्या डब्यात अजून त्या काकडीचं बी असेल, कोवळेपणी पांढरट, पिकल्यावर पिवळी आणि मग बटाट्यासारखी तपकिरी होणारी, आखूड, तर दहा बिया कागदाच्या पुडीत बांधून या सदराच्या नावानं कचेरीत पाठवा. शिरूर, दौंड, पुरंदर, कुठूनही. पुडीवर गावाचं नाव आणि तुमच्याकडे तिला काय म्हणतात ते लिहा. जूनमध्ये लावायच्या आहेत. वॉचमनकाकांकडून दुसरी बादली आणून ठेवली आहे, भोकं पाडून झाली आहेत.