दुखण्याची नोंद कोण ठेवणार?

“मावशी, काय होतंय?”

“कंबरेत कळ निघते, डॉक्टर. ती मांडीतून खाली सरकते. पावलाला मुंग्या येतात अन् रात्री तळव्याची नुसती आग आग होते.”

केसपेपरवर शब्द उमटतो: कंबरदुखी. पुढे पाच दिवसांच्या गोळ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात, पाथर्डीपासून अकोल्यापर्यंत, असा संवाद रोज होतो. दाराबाहेर रांग असते, डॉक्टर एकटे असतात, त्यामुळे दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. पण त्या बाईने दोन वाक्यांत जे सांगितलं, त्यात अर्धं निदान होतं. सरकत खाली जाणारी कळ, मुंग्या, आग ही दबलेल्या किंवा इजा झालेल्या नसेची भाषा आहे. स्नायू अवघडला तर माणूस वेगळे शब्द वापरतो. नसेच्या दुखण्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, त्याची औषधं वेगळी असतात. तिने सांगितलेलं कागदावर आलं नाही आणि ती चुकीची गोळी घेऊन घरी गेली.

रोग्याचे शब्द हाच पुरावा मानून एका शास्त्रज्ञाने अख्खी कारकीर्द उभी केली. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक रुग्ण दुखण्यासाठी वापरत ते शब्द वर्षानुवर्षं जमवत राहिले. त्यातून 1975 मध्ये 78 शब्दांची, 20 गटांत मांडलेली प्रश्नावली तयार झाली आणि ती जगभर वापरली गेली. त्याच मेलझॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासोबत 1965 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक सिद्धांत मांडला होता. दुखण्याचा संदेश मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एक दार लागतं, ते कमीजास्त उघडतं आणि स्पर्शाचे संदेश ते लोटून घेऊ शकतात. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, त्यामागचं शास्त्र हेच. फिजिओथेरपीच्या खोलीत कमरेला लावतात आणि ज्याला गावाकडे ‘करंट घेतला’ म्हणतात, ते टेन्स यंत्रही याच विचारातून आलं.

या परंपरेत आज एक मराठी आडनाव ठळकपणे दिसतं. शिरवळकर हे नाव मराठी वाचकाला ‘दुनियादारी’च्या सुहास शिरवळकरांमुळे पाठ आहे. डॉ. प्रसाद शिरवळकर मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दुखण्याचे डॉक्टर आणि मेंदूशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या संशोधनाची सुरुवात दुखण्यापासून झाली नव्हती. आधी ते उंदरांची स्मरणशक्ती आणि हिप्पोकॅम्पस या भागातल्या विद्युतलहरी यांचा अभ्यास करत होते. पुढे ते दुखण्याच्या वैद्यकाकडे वळले. मेंदूच्या लहरी वाचायची सवय असलेला माणूस दुखणाऱ्या रोग्यासमोर बसला, तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला: या माणसाचं आजचं दुखणं त्याच्या मेंदूत कुठे उमटलेलं दिसेल का?

मे 2023 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये त्यांच्या गटाने याचं पहिलं उत्तर दिलं. अभ्यासात रुग्ण अवघे चार. तिघांना पक्षाघातानंतर जडलेलं असह्य दुखणं होतं. चौथ्याचा पाय कापावा लागला होता आणि नसलेला तो पाय दुखत होता. चौघांच्या मेंदूत दोन ठिकाणी बारीक तारा बसवल्या. एक जागा डोळ्यांच्या खोबणीच्या वरची, ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स. दुसरी मेंदूच्या मधल्या भागातली, अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स. छातीच्या कातडीखाली यंत्र बसवून रुग्णांना घरी पाठवलं. मग तीन ते सहा महिने रोज अनेकदा एकच क्रम चालला. रुग्णाने आत्ता किती दुखतंय, कसं दुखतंय ते लिहायचं आणि बटण दाबून त्या क्षणाच्या लहरी नोंदवायच्या. नाश्त्यानंतर, कामाच्या मध्ये, झोपण्याआधी, चांगल्या दिवशी आणि वाईट दिवशीही.

संगणकाने या लहरी आणि रुग्णांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. महिनोन् महिने छळणाऱ्या दुखण्याची खूण मुख्यतः ऑर्बिटोफ्रंटल भागात सापडली. प्रयोगशाळेत कातडीला चटका दिल्यावर होणाऱ्या क्षणिक दुखण्यात मात्र सिंग्युलेट भागाचा वाटा मोठा निघाला. म्हणजे जुनाट दुखणं हे तात्पुरत्या दुखण्याचं लांबलेलं रूप नसावं. त्याचा मेंदूतला कारभारच निराळा असावा. हाताला चटका बसल्यावर चालणारं औषध दोन वर्षांच्या कंबरदुखीला का चालत नाही, या जुन्या कोड्यावर त्याने उजेड पडतो.

वीज देऊन दुखणं थांबवण्याची धडपड जुनी आहे. 1967 मध्ये अमेरिकेत नॉर्मन शिली यांनी पाठीच्या कण्यावर उत्तेजक यंत्र बसवलं. 1973 मध्ये योशिओ होसोबुची यांनी चेहऱ्याच्या असह्य दुखण्यासाठी थॅलॅमस या भागात तारा घातल्या. पुढे अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या, पण अपेक्षित यश आलं नाही. 2001 मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर उत्साह बराच ओसरला. नाना तऱ्हेची दुखणी एकाच मापाने मोजली गेली होती आणि यंत्र दिवसरात्र एकाच चालीने वीज देत होतं. शिरवळकरांच्या गटाला यंत्र वेगळ्या रीतीने चालवायचं आहे: दुखण्याची खूण वर चढेल तेव्हाच वीज द्यायची, एरवी मेंदूला मोकळं सोडायचं. ही खूण कळण्यासाठीच आधी ते लांबलचक टिपण हवं होतं.

कवटी न उघडता डोक्यावर चुंबकीय कॉइल धरून देण्याच्या उत्तेजनाचं यशही मर्यादितच. हे तंत्र 1985 मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर यांच्या गटाने दाखवलं. नसेच्या दुखण्यात त्याचा काही उपयोग होतो असे पुरावे आहेत, पण परिणाम बहुधा माफक असतो आणि फार काळ टिकत नाही. शहरात कुणी ‘मेंदूचा करंट’ देऊन दुखणं कायमचं घालवण्याची हमी देत असेल, तर त्या दाव्यामागे शास्त्र उभं नाही.

हा सगळा उद्योग नगरच्या वाचकापुढे मांडण्याचं कारण उसाच्या फडात आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, वाकून तोडायचं, पुन्हा चढवायचं. एक दिवस बसलं तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. म्हणून दुखणं सांगायचंच नाही, हा तिथला शिरस्ता. गावच्या दुकानातून गोळी आणायची, पाण्यासोबत ढकलायची आणि पहाटे फडात उभं राहायचं. अशा गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर मूत्रपिंड आणि जठर दोन्ही पणाला लागतात.

दुखण्याचं नीट न ऐकण्याची किंमत किती भयंकर असते, हे शेजारच्या बीडने दाखवलं आहे. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड महिलांची पाहणी केली. 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पोटात दुखतं, अंगावरून जातं म्हणून गेलेल्या कितीतरी जणींच्या तक्रारीचा शेवट शस्त्रक्रियेत झाला. ते दुखणं केव्हा सुरू झालं, कामाने वाढतं का, पाळीशी जोडलेलं आहे का, हे कुणीतरी चार महिने लिहून ठेवलं असतं तर त्यातले किती अवयव वाचले असते?

इथे एक आक्षेप येईल. जिथे साध्या तपासणीला रांग लागते, तिथे मेंदूच्या संशोधनाच्या गप्पा कशाला? पण सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या प्रयोगात महागडा भाग तारांचा होता. त्याचा पाया रोज विचारलेल्या प्रश्नात आणि प्रामाणिक नोंदीत होता. रुग्णाने आकडा सांगितला नसता तर संगणकाला त्या लहरींतून काहीच कळलं नसतं. यंत्राने दुखणं रुग्णाकडूनच शिकून घेतलं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हाही त्यासोबत बजावलं की माणूस दुखतंय म्हणत असेल तर त्याच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. उद्या मेंदूची पट्टी पाहूनच दुखणं खरं की खोटं ठरवू लागलो, तर नुकसानभरपाई मागणाऱ्या मजुराच्या हाती काही उरणार नाही.

आणि दुखण्याच्या नोंदीची ही वही नगर जिल्ह्यात उघडता येते. 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याच प्रवरा परिसरात लोणीला 1984 मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं, फिजिओथेरपीचं महाविद्यालय आलं. विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेतमजूर, ऊसतोड कामगार, मधुमेहाने पावलं जळणारे, नागीण बरी झाल्यावरही महिनोन् महिने आग सोसणारे, अपघातात हातपाय गमावलेले, असे हजारो लोक याच दारांतून आत येतात. पाश्चात्त्य प्रयोगशाळांकडे कोयत्याचं दुखणं नाही. ते इथे आहे आणि त्याचा अभ्यास इथेच व्हायला हवा.

करायचं काय, हेही फार अवघड नाही. केसपेपरवर दुखण्यासाठी एक ओळ असावी: शून्य ते दहापैकी आकडा, आणि शेजारी रुग्णाचा स्वतःचा शब्द, जसाच्या तसा. कळ, ठणका, चमक, ठसठस, आग, मुंग्या, बोचणं. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस दुखण्याची ओपीडी असावी, जिथे भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ एकत्र बसतील. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी तिथे मॉर्फीन मिळावं. त्यासाठीचे नियम सोपे व्हावेत म्हणून 2014 मध्येच कायदा बदलला आहे. एमबीबीएसमध्ये वेदना हा स्वतंत्र विषय नाही. तिचे तुकडे इतर विषयांत विखुरले आहेत. किमान संशोधनाच्या जागा तरी या विषयाला द्याव्यात. स्मरणशक्तीच्या प्रयोगातून एखादा तरुण डॉक्टर दुखण्याकडे वळतो, तेव्हा त्याला वळायला एक रस्ता असावा लागतो. तो नसेल तर नगरची हुशार पोरं एक तर हृदयाकडे जातील किंवा परदेशात.

सुरुवात येत्या हंगामातच होऊ शकते. टोळ्या निघण्याआधी पाथर्डीतल्या उपकेंद्रात शंभर कोयत्यांची नोंद घ्यायची, फडावर असताना आठवड्याला एक फोन करायचा, हंगाम संपवून त्या घरी परतल्या की पुन्हा भेटायचं. प्रश्न तीनच: आज किती दुखतंय, कसं दुखतंय, गेल्या वेळेपासून काय बदललं? लोणीच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी एवढं साहित्य पुरेल, आणि तळव्याची आग सांगणाऱ्या त्या मावशीला पुढच्या खेपेला कदाचित योग्य औषध मिळेल.