राणीची रजा

राणी मुंगीला हिवाळ्यात फ्रिजमध्ये ठेवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी घरात मांडलं तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आधी साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट केलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मध्यमवर्गीय मराठी माणसाचा आणि मुंगीचा संबंध एवढाच. हळदीची रेघ, खडूची रेघ, पाण्याच्या परातीत उभा केलेला तुपाचा डबा! मुंगी फ्रिजमध्ये जाऊ नये म्हणून ज्या घरात तीन पिढ्या लढल्या, त्या घरात मी उलटा पक्ष घेऊन उभा आहे.

पण मी बोलतोय ती मुंगी जर्मनीतली. माझा भाचा तिकडे नोकरीला असतो आणि त्याने एक राणी पाळली आहे. (लग्नाचं विचारलं की हीच दाखवतो.) तिकडे हा रीतसर छंद आहे. काचेची नळी, तिच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, पुढे राणीबाईंची खोली, आणि दाराशी पुन्हा कापूस. राणी काही दुर्मिळ वगैरे नव्हे. तिकडच्या अंगणातली साधी काळी मुंगी, शास्त्रीय नाव लेसियस नायजर.

साधी म्हटलं तरी तिची कर्मकहाणी ऐकण्यासारखी आहे. जुलै-ऑगस्टातल्या एखाद्या उबदार दिवशी या राण्या उडतात. हवेतच लग्न लागतं. नवरेमंडळी लवकरच मरतात आणि नवरी जमिनीवर उतरून स्वतःचे पंख स्वतःच काढून टाकते. मग एका भोकात स्वतःला कोंडून घेऊन अंडी घालते. अन्नाचा कण नाही. उडायचे स्नायू आता लागणार नाहीत, ते अंगातल्या अंगात जिरवायचे आणि त्यावर आपण जगायचं, पोरं जगवायची. पहिल्या कामकरी मुली हाताशी यायला दीड-दोन महिने लागतात. आमच्या भाषेत सांगायचं तर व्याज नाही, ठेव नाही, निव्वळ मुद्दल मोडून संसार.

अशा बाईच्या नळीखाली भाच्याने नोव्हेंबरात विजेची गरम चटई घातली! मला व्हिडिओवर दाखवून म्हणतो, "मामा, थंडी स्किप करतोय. मार्चपर्यंत पन्नास मुंग्या करून दाखवतो."

मार्चपर्यंत पन्नास! गेली बावीस वर्षं मी हेच वाक्य ऐकतोय. फक्त ते म्हणणारा साहेब दर तीन वर्षांनी बदलतो आणि मुंग्यांच्या जागी खाती असतात.

मुद्दा असा, की थंड मुलखातल्या या जातीचा हिवाळा बाहेरच्या हवेत असतो तसा अंगातही असतो. शरद ऋतू आला की राणी अंडी घालणं बंद करते, अळ्यांची वाढ थांबते. खाली चटई घाला नाहीतर शेगडी, तिच्या आतलं खातं बंद झालेलं असतं. उबेने होतं काय, तर ती नुसती जागी राहते आणि साठवलेली चरबी जाळत बसते. उत्पादन शून्य, खर्च चालू. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा पोरगाही याला धंदा म्हणणार नाही. यंत्रावर घसारा धरायचा हे आम्हाला शिकवतात, जिवंत प्राण्यावर धरायला मात्र कोणी शिकवत नाही.

आमची ताई, म्हणजे भाच्याची आई, दुसऱ्या टोकाची. "अरे, गारठेल रे बिचारी!" गारठू दे ना, ताई! ५ ते ८ अंशांत, अंधारात, नोव्हेंबर ते मार्च तिला पडू दे. बर्फाच्या कप्प्यात नव्हे हं, खाली भाजीच्या कप्प्यात. थंडी हळूहळू द्यायची, कापूस ओला आहे ना ते अधूनमधून पाहायचं, आणि रोज उठून नळी हलवून "झोपलीस का गं?" असं विचारायचं नाही. मात्र वाचकहो, हा प्रयोग इथल्या मुंगळ्यावर करू नका. उष्ण प्रदेशातल्या जातींना ही झोप लागत नाही. त्यांना फ्रिजमध्ये घालणं म्हणजे सरळ खून.

पाळलेली एक काळी राणी पावणेएकोणतीस वर्षं जगल्याची नोंद आहे. तेवढी नोकरी माझीही अजून झालेली नाही.

रिझर्व्ह बँकेसारखी कडक संस्थासुद्धा संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग दहा दिवस सक्तीने घरी पाठवायला लावते. आता ती मायेपोटी नव्हे, खुर्ची रिकामी झाल्यावर खालचे घोळ वर येतात म्हणून. पण रजा ती रजा! जर्मनीत तर आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २० दिवस रजा कायद्यानेच मिळते. भाच्यालाही मिळते. त्या रजेत तो लॅपटॉप उघडून बसतो. तीन वर्षांत घरी आलेला नाही. व्हिडिओत त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसतं, ताई ते पाहते आणि दिव्याचा उजेड कमी असेल म्हणते.

चटई काढ म्हणून मी त्याच्याशी सलग तीन रविवार भांडलो. चौथ्या रविवारी त्याने फ्रिज उघडून दाखवला. नळी ताईने पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्यामागे, काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली. वर मराठीत चिठ्ठी : 'मार्चपर्यंत उघडू नये.'

"आणि तू कधी येतोस?" मी विचारलं.

"बघू मामा," तो म्हणाला, "मार्चनंतर."