मार्फा : वाळवंटातील एक गाव आणि मातीत पुरलेली भाषा

स्थळांचा इतिहास सांगताना आपण सहसा राजे, लढाया आणि वास्तू यांच्यापासून आरंभ करतो. आजच्या स्थळाचा आरंभ मात्र पाण्याच्या टाकीपासून करावा लागतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला चिवावा वाळवंटाच्या उंच पठारावर मार्फा नावाचे एक लहानसे गाव आहे. लोकवस्ती जेमतेम अठराशेच्या आसपास, उंची समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरहून अधिक आणि मेक्सिकोची सीमा मोटारीने तासाभराच्या अंतरावर. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी या निर्जल प्रदेशातून लोहमार्ग गेला, तेव्हा वाफेच्या इंजिनांना पाणी पाजण्यासाठी जे थांबे निर्माण झाले, त्यांपैकी हा एक.

गावाच्या नावाची कथा मोठी गमतीची आहे. रेल्वेच्या एका अधिकाऱ्याची पत्नी प्रवासात कादंबरी वाचत होती आणि तिने त्यातील एका पात्राचे नाव या थांब्याला सुचवले, असे सांगतात. ती कादंबरी दोस्तोयेव्हस्कीची ‘द ब्रदर्स कारामाझोव’ होय, असे पुष्कळ वर्षे अभिमानाने सांगितले जाई. परंतु त्या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गाव तर त्यापूर्वी तीस वर्षे वसले होते. ज्यूल व्हर्न यांच्या ‘मायकेल स्ट्रोगॉफ’ या १८७६ च्या कादंबरीतील नायकाच्या आईचे नाव मार्फा आहे आणि नावाचे मूळ तेच असण्याचा संभव अधिक. गावे आपल्या जन्मकथेला थोडी भरजरी किनार लावतात, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

गावाच्या मध्यभागी १८८६ मध्ये बांधलेले गुलाबी छटेचे जिल्हा न्यायालय दुरूनच नजरेत भरते. त्याच्या घुमटावरून सभोवारचे गवताळ पठार क्षितिजापर्यंत दिसते. जवळच १९३० मध्ये हेन्री ट्रॉस्ट या वास्तुविशारदाने उभारलेले हॉटेल पैसानो आहे. १९५५ मध्ये ‘जायंट’ या चित्रपटाचे चित्रीकरण गावाजवळ झाले, तेव्हा कलावंतांचा राबता या हॉटेलात असे. त्या चित्रपटातील जेम्स डीन हा तरुण नट चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच मोटार अपघातात मरण पावला. गावाच्या पूर्वेला रात्री क्षितिजावर लुकलुकणारे गूढ दिवे दिसतात, अशी ख्याती आहे. २००४ मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मोजमापे घेऊन त्यांपैकी निदान बरेचसे दिवे महामार्गावरील मोटारींचे असल्याचे दाखवले. तरीही लोक पाहायला जातात आणि अंधारात बसून वाट पाहतात. त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही.

आता या गावाच्या जागतिक कीर्तीकडे वळू. १९११ मध्ये मेक्सिकोतील क्रांतीच्या धामधुमीत सीमारक्षणासाठी येथे फौजी छावणी पडली. पुढे ती फोर्ट डी. ए. रसेल या नावाने ओळखली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात येथे जर्मन युद्धकैदी ठेवले होते. १९४६ मध्ये छावणी बंद झाली, पाठोपाठ पन्नाशीच्या दशकातील भीषण अवर्षणाने गुरांचे कळप उपासमारीला आले आणि गाव ओस पडू लागले. अशा गावात १९७१ मध्ये न्यूयॉर्कचा कलावंत डोनाल्ड जड आला. संग्रहालयांवर त्याचा राग होता. कलाकृती आज या भिंतीवर, उद्या त्या दालनात अशी हलवत राहणे म्हणजे तिचा नाशच, असे त्याचे ठाम मत होते. कलाकृती, वास्तू आणि भूमी या तिघांचा संबंध एकदा जुळवावा आणि मग त्याला कोणी हात लावू नये, एवढीच त्याची मागणी होती. आणि ती पुरी करायला त्याला ओसाड छावणीच योग्य वाटली.

तोफखान्याच्या दोन जुन्या कोठारांत त्याने १९८२ ते १९८६ या काळात ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या मांडल्या. प्रत्येक पेटीचे बाह्य माप तंतोतंत सारखे : ४१ इंच, ५१ इंच आणि ७२ इंच. आतली रचना मात्र शंभराचीही निराळी. कुठे आडवा पत्रा, कुठे तिरपा, कुठे एक बाजूच मोकळी. कोठारांचे जुने दरवाजे काढून त्याने तेथे भिंतभर काचेच्या खिडक्या बसवल्या आणि छतावर पत्र्याची अर्धवर्तुळाकार कमान चढवली. सूर्य सरकतो तसा धातू कधी पाण्यासारखा पारदर्शक, तर कधी राखेसारखा मंद दिसतो. हे वर्णन वाचून ‘यात कला ती कोणती?’ असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. पण एकच माप आणि एकच धातू घेऊन शंभर वेळा नवे काही सांगता येते, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. त्याच कोठारांच्या विटांच्या भिंतींवर कैद्यांच्या काळातील जर्मन सूचना अजून वाचता येतात; डोके गमावण्यापेक्षा वापरलेले बरे, अशा अर्थाची त्यांतली एक आहे. जडने त्या पुसल्या नाहीत. बाहेर माळावर एक किलोमीटर लांबीच्या रेषेत काँक्रीटच्या प्रचंड पेट्यांचे पंधरा समूह उभे आहेत. १९८६ मध्ये या साऱ्या परिसराची चिनाती फाउंडेशन ही संस्था झाली आणि १९९४ मध्ये जड निवर्तला. आज जगभरातून रसिक येतात. त्यांच्यामागून घरांच्या किमतीही वाढत गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना गावात घर परवडेनासे झाले.

पण मार्फाला जाणाऱ्याने न चुकता पाहावे असे ठिकाण माझ्या मते दुसरेच आहे. गावाच्या दक्षिण भागात मातीच्या कच्च्या विटांची एक बैठी शाळा आहे. १९०९ पासून १९६५ पर्यंत मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळे बसवण्यासाठी ती चालवली गेली. अशी विभागणी करा, असे सांगणारा कायदा टेक्सासात नव्हता. ती केवळ रूढी होती, आणि रूढी पुष्कळदा कायद्याहून बळकट ठरते. पुढे एका मुख्याध्यापकांच्या नावावरून ती ब्लॅकवेल शाळा म्हणून ओळखली गेली. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांनी शाळेत तोच शब्द उच्चारला, तर लाकडी फळीचे फटके बसत.

१९५४ मध्ये तेथे एक विलक्षण विधी झाला. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहायला लावले गेले. त्या चिठ्ठ्या शवपेटी म्हणून आणलेल्या एका लहान पेटीत ठेवल्या, ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणला आणि ‘मिस्टर स्पॅनिश’ यांचा दफनविधी पार पडला. हेतू बहुधा मुलांचे इंग्रजी सुधारावे हाच असेल. पण आईने अंगाई ज्या भाषेत म्हटली, तिच्यावर स्वतःच्या हातांनी माती लोटणारे ते मूल त्या संध्याकाळी घरी जाऊन कोणत्या भाषेत बोलले असेल, हा विचार मनातून जात नाही. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांशी फोनवर मराठीत बोलू पाहणाऱ्या आजी-आजोबांना तो अधिकच जाणवेल. फरक इतकाच की आपल्या मुलांच्या हातात अशी चिठ्ठी कोणी दिलेली नाही. आणखी एक विसंगती येथे नोंदवावीशी वाटते. ज्या गावाने स्पॅनिश पुरली, तेथेच सतरा वर्षांनी आलेल्या न्यूयॉर्कच्या कलावंताने आपल्या निवासाला ‘ला मान्साना दे चिनाती’ असे स्पॅनिश नाव दिले आणि ते सर्वांना सुंदर वाटले.

शाळा बंद झाल्यावर इमारत बराच काळ दुर्लक्षित राहिली. ती पाडली जाईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा आता साठी-सत्तरीला पोचलेले माजी विद्यार्थी एकत्र आले, त्यांनी संस्था स्थापन केली आणि वास्तू वाचवली. २००७ च्या मेळाव्यात त्यांनी शाळेच्या आवारात प्रतीकात्मक उत्खनन केले आणि मातीतून एक स्पॅनिश शब्दकोश वर काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षरीने ब्लॅकवेल शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. या माजी विद्यार्थ्यांच्या मनात शाळेविषयी केवळ कटुता नाही, हेही सांगितले पाहिजे. तेथील वाद्यवृंद, खेळ, मैत्री यांच्या आठवणी ते जिव्हाळ्याने सांगतात, आणि त्याच ओघात फळीचे फटकेही सांगतात.

जडच्या निवासाभोवतीची उंच भिंत आणि ही शाळा, दोन्ही एकाच प्रकारच्या उन्हात वाळवलेल्या विटांच्या आहेत. अशा भिंतीची निगा दरवर्षी घ्यावी लागते; पावसाने गिलावा धुपला की पुन्हा लिंपावा लागतो. गावात हे काम जाणणारे गवंडी अजून आहेत आणि त्यांच्या कामावरचे बोलणे आजही बरेचसे स्पॅनिशमध्येच चालते.